पहिला हप्ता

व्हिज्युअल नॉव्हेल या खेळप्रकारात पडद्यावर फार थोडं हलतं. मागे एक चित्र असतं: खोली, गच्ची, रेल्वेचा फलाट किंवा समुद्रकिनारा. त्याच्यापुढे कमरेपर्यंत दिसणारी एखादी व्यक्ती उभी असते. खाली अर्धपारदर्शक चौकट, तिच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचं नाव आणि आत एकेक अक्षराने उमटत जाणारं वाक्य. वाक्य पुरं झालं की त्याच्या टोकाशी बारीकसा त्रिकोण लुकलुकू लागतो. कळ दाबली की पुढचं वाक्य येतं. दाबली नाही तर ती व्यक्ती तशीच उभी राहते आणि तिच्या मागच्या खिडकीतली संध्याकाळ संपत नाही. अधूनमधून दोन-तीन पर्याय समोर येतात, त्यातला एक निवडावा लागतो आणि गोष्ट त्या वाटेने जाते. पळणं, उड्या मारणं, गोळ्या झाडणं यातलं काही नसतं. ज्यांना खेळ म्हणजे बोटांची चपळाई वाटते ते पाच मिनिटांत कंटाळतात. उरतात ते वाचणारे.

हा प्रकार जपानात घडला. चुनसॉफ्ट या कंपनीने 1992 मध्ये ‘ओतोगिरीसो’ काढला, तेव्हा मजकूर सगळ्या पडद्यावर पसरलेला असे आणि कंपनी त्याला ध्वनिकादंबरी म्हणत असे. 1996 मध्ये लीफ या कंपनीने ‘शिझुकू’पासून आपल्या मालिकेला व्हिज्युअल नॉव्हेल हे नाव लावलं आणि तेच पुढे रुळलं. 2000 साली ‘त्सुकिहिमे’ हौशी मंडळींनी तयार करून तोक्योच्या कॉमिकेट जत्रेत विकली. 2004 मध्ये रेनपाय हे फुकट साधन आलं, त्याने उरलेली दारंही उघडली. रेनपायमध्ये लिहिलेली गोष्ट जवळपास नाटकाच्या संहितेसारखी दिसते: पात्राचं नाव, पुढे त्याचं वाक्य, मधे कोणतं चित्र दाखवायचं याची सूचना. लिहू शकणारा एक आणि चित्र काढू शकणारा एक, एवढ्यावर काम सुरू होतं. म्हणूनच या प्रकारात घरगुती उद्योग फार. आणि घरगुती उद्योगाला पैसा, वेळ आणि धीर तिन्ही कमी पडत असल्यामुळे पुरं होण्याआधीच लोकांसमोर मांडलेले डेमोही फार.

असा डेमो अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. मुख्य पानावर ‘चित्रसंग्रह’ हा शब्द करड्या रंगात मिटलेला. नायिकेचे तीन चेहरे तयार, त्यातला एक चिडलेला, आणि तोच चिडलेला चेहरा ती ‘झोप आली’ म्हणतानाही वापरलेला. दुकानदाराचं चित्र अजून झालेलं नाही म्हणून त्याच्या जागी काळी सावली बोलते. मागचं संगीत पाऊण मिनिटाचं. ते पहिल्या वेळी छान वाटतं, दहाव्या वेळी त्याचा सांधा ऐकू येतो. एखाद्या वाक्यात शब्द दोनदा पडलेला. आणि गोष्ट आता कुठे रंगात येते आहे असं वाटत असताना पडदा काळा होऊन आभाराच्या चार ओळी. या कच्चेपणाची यादी करणं सोपं आहे आणि बहुतेक अभिप्राय ती यादी करण्यातच संपतात. पण सावलीला पुढे चेहरा मिळतो, शुद्धलेखन सुधारतं, संगीत लांबतं. डेमोत एकच गोष्ट अशी असते जी पुढे सहसा बदलत नाही: सांगणाऱ्याची गती. वाक्य किती लांब, कळ कुठे दाबायला लावायची, पात्राने उत्तर देण्याआधी पडदा किती वेळ गप्प ठेवायचा, हे पहिल्या प्रकरणात ठरून जातं. चव बघायची ती तिथे.

संगणकाच्या खेळांत फुकट वानगी देण्याची रीत जुनी आहे. ‘डूम’चा पहिला भाग 1993 मध्ये लोकांनी एकमेकांना वाटला आणि पुढचे भाग विकत घेतले. पण गोळीबाराच्या खेळाची वानगी आणि गोष्टीची वानगी यांत अंतर आहे. पहिल्यात हाताला लागलेली सवय विकायची असते, दुसऱ्यात राहिलेली उत्सुकता. ‘कातावा शोजो’ ही अपंग विद्यार्थ्यांच्या शाळेतली गोष्ट निरनिराळ्या देशांतल्या हौशी लोकांनी रेनपायमध्ये बांधली. तिचा पहिला अंक त्यांनी एप्रिल 2009 मध्ये खुला केला आणि पूर्ण खेळ जानेवारी 2012 मध्ये. तोही फुकटच. मधल्या अडीच-पावणेतीन वर्षांत वाचकांपाशी होती ती एक सुरुवात आणि वाटा जिथे फुटतात तो नाका. आता स्टीम या दुकानात 2021 पासून ‘नेक्स्ट फेस्ट’ भरतो, वर्षातून तीनदा, आणि त्या आठवड्यात शेकडो डेमो एकदम अंगावर येतात. अशा गर्दीत हळू बोलणाऱ्या प्रकाराची पंचाईत होते. चाळीस डेमो चाखायला निघालेला माणूस त्रिकोण लुकलुकायच्या आधीच कळ दाबतो.

स्थिर चित्र, त्याच्याखाली सरकणारे शब्द आणि ऐन वेळी ‘पुढील अंकी’ म्हणून थांबणं, हा व्यवहार आपल्याकडे, निदान चेन्नईला, नवा नाही. हे शहर मद्रास होतं तेव्हा तिथल्या साप्ताहिकांचा तो मुख्य धंदा होता. ‘आनंद विकटन’ एस. एस. वासन यांच्या हाती आल्यावर घराघरांत पोहोचलं. कल्की कृष्णमूर्ती आणि टी. सदाशिवम यांनी 1941 मध्ये ‘कल्की’ सुरू केलं आणि त्यात 1950 ते 1954 अशी ‘पोन्नियिन सेल्वन’ ही चोळकाळावरची कादंबरी हप्त्याहप्त्याने आली. चित्रं मणियम यांची. कादंबरीतला वंदियदेवन घोड्यावर कसा बसतो, कुंदवईचा केशसंभार कसा, हे वाचकांना शब्दांइतकंच त्या चित्रांनी शिकवलं. ‘विकटन’मध्ये कोत्तमंगलम सुब्बू यांची ‘तिल्लाना मोहनांबाळ’ आली तेव्हा तिच्या नायक-नायिकेला चेहरे गोपुलु यांनी दिले. सिनेमा 1968 चा, म्हणजे बराच नंतरचा. घरोघरी या कादंबऱ्यांची पानं अंकातून सोडवून, जुळवून, बाइंडरकडे देऊन त्यांचे जाडजूड ग्रंथ केले जात. त्या बांधणीत गोष्टीच्या पाठीला साबणाची किंवा केसाच्या तेलाची जाहिरातही आपोआप शिवली जाई.

अशा हप्त्यात एकच मोठं चित्र असे, क्वचित दोन. चित्रकाराला पूर्ण प्रकरणातला एक क्षण निवडायचा असे आणि तो निवडताना शेवट फोडायचा नसे. दाराआड कोण उभं आहे हे लेखकाने शेवटच्या ओळीत सांगितलं असेल तर चित्रात दार असे, माणूस नसे. व्हिज्युअल नॉव्हेलच्या चित्रकाराला हाच पेच पडतो. पात्राचा चेहरा वाक्याच्या आधी बदलला तर वाक्य वाया जातं, नंतर बदलला तर चेहरा. पहिल्या डेमोत हा मेळ बहुधा अर्ध्या क्षणाने चुकलेला असतो आणि तो का खटकतो हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही.

मराठी वाचकाचा मद्रासशी याबाबतीत एक घरचा धागा आहे. ‘चांदोबा’ तिथून येई. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै 1947 मध्ये ‘चंदामामा’ तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केला, 1952 मध्ये मराठी आवृत्ती आली आणि सातारा-जळगावातल्या मुलांच्या हातात दर महिन्याला वडपळनीत छापलेली चित्रं पडू लागली. त्या चित्रांतली माणसं, देवळांची गोपुरं, बायकांचे अंबाडे सगळे दक्षिणी. नावं मात्र मराठी कानाला सरावाची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शंकर या नावाने चित्रं काढणारे के. सी. शिवशंकरन हे त्यातले सर्वांत दीर्घकाळ टिकलेले चित्रकार. त्यांचं 2020 मध्ये निधन झालं आणि पुढल्या वर्षी मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रमादित्य त्यांचाच. ते शीर्षचित्र वर्षानुवर्षं तेच राहिलं आणि त्याखालची गोष्ट दर महिन्याला नवी येत राहिली. पार्श्वभूमी एक, मजकूर बदलता: खर्च वाचवण्याची ही युक्ती आजच्या रेनपायवाल्यांना कुणी शिकवायला नको.

वेताळाच्या गोष्टीची बांधणीही तपासण्यासारखी आहे. शेवटी राजाला प्रश्न येतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, अशी धमकी. बोललास तर मौन मोडलं म्हणून प्रेत पुन्हा झाडावर. दोन पर्याय दिसतात, पण एकाने खेळ संपतो आणि दुसऱ्याने तो पहिल्या ठिकाणी येतो. मूळ संस्कृत संग्रहात अशा पंचवीस गोष्टी आहेत आणि अखेरच्या कोड्याला राजाला उत्तर सुचत नाही तेव्हाच ही फेरी तुटते. ‘चांदोबा’ने ती फेरी तुटू दिली नाही, पंचवीस संपल्यावर नव्या रचल्या, दशकं चालवल्या. आज डेमोत पर्याय निवडल्यावर दोन्ही वाटा चार वाक्यांत एकाच रस्त्याला येऊन मिळतात तेव्हा खेळणारे रागावतात, फसवलं म्हणतात. त्यांनी वेताळ वाचलेला नसावा. निवडीतली गंमत वाट बदलण्यात असतेच असं नाही. बोलावं की गप्प बसावं या विचारात गेलेल्या वेळातही ती असते. मात्र तो वेळ यावा यासाठी प्रश्न वेताळाच्या तोडीचा लागतो. ‘चहा की कॉफी’ एवढ्यावर कुणी विचारात पडत नाही, चेन्नईत तर नाहीच.

तमिळ घराची गोष्ट या प्रकारात जगभर पोहोचली ती मात्र चेन्नईतून नाही, टोरोंटोतून. व्हिसाई गेम्स या छोट्या चमूचा ‘वेण्बा’ 31 जुलै 2023 ला आला. अर्धी व्हिज्युअल नॉव्हेल, अर्धा स्वयंपाक. 1980च्या दशकाच्या अखेरीस तमिळनाडूतून कॅनडात गेलेलं जोडपं, वेण्बा आणि पावलन, आणि तिथे जन्मलेला त्यांचा मुलगा कविन. सबंध खेळ दीड तासात संपतो, त्यामुळे त्याचं पहिलं प्रकरण लांबीने एखाद्या डेमोएवढंच आहे आणि डेमो कसा असावा याचा धडा म्हणून ते वाचता येतं. त्यात एक सकाळ आहे, एक स्वयंपाकघर आहे आणि इडली आहे. आईने दिलेली पाककृतींची वही फाटली आहे, डागाळली आहे, नेमक्या कामाच्या जागी अक्षरं गेली आहेत. उरलेल्या ओळींवरून आणि भांड्याच्या आकारावरून राहिलेली कृती ओळखायची.

कोडं सोपं आहे. इडलीपात्राच्या थाळ्या एकावर एक रचताना खालच्या थाळीतली इडली वरच्या थाळीच्या भोकाखाली यावी, खळग्याखाली येऊ नये, म्हणजे वाफेला वाट मिळते आणि फुगायला जागा उरते. चेन्नईतल्या कोणत्याही घरात सात वर्षांच्या मुलालाही हे माहीत असतं आणि पुण्या-मुंबईत रविवारी इडलीचा घाट घालणाऱ्यांनाही. पण ते कुणी कधी शब्दांत सांगितलेलं नसतं, थाळी हातात आली की हात आपोआप ती वळवतो. खेळाने ही न सांगितलेली गोष्ट कोडं म्हणून समोर ठेवली. चुकलं तर शिक्षा नाही, पुन्हा करायचं. आणि इडली होईस्तोवर नवरा-बायकोचं बोलणं चालू असतं: परत जावं का, इथे धड नोकरी मिळेल का. इडल्या झाल्यावर कळतं की ती गरोदर आहे. जाण्या-राहण्याच्या प्रश्नाचं वजन तिथे बदलतं आणि प्रकरण थांबतं. कल्कींच्या हप्त्यात हे बसलं असतं.

‘वेण्बा’ला 2024 मध्ये स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पदार्पणाच्या खेळासाठीचा बाफ्ताही. तो आटोपशीर आहे ही त्याची बाजू आणि तीच त्याची उणीव. मुलगा एका प्रकरणात चिमुरडा, दुसऱ्यात घरून आणलेला डबा शाळेत उघडायला लाजणारा, तिसऱ्यात घराबाहेर. मधली वर्षं कापलेली. कापताना दुखतं ते लेखकाला हवंच होतं. तरीही एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी त्या घरात काय चालत असे हे पाहायला मिळालं असतं तर खेळातल्या बिर्याणीच्या थरांना आणखी वजन आलं असतं. संगीतात तमिळ सिनेमाच्या निरनिराळ्या काळांची वळणं आहेत, रेडिओ लावला की दशक ओळखू येतं. तिथे मात्र कापाकापी जाणवत नाही, कारण गाणं चालू असताना मधली वर्षं ऐकणारा स्वतः भरतो.

आईची वही मुलाला धड वाचता न येणं हा या गोष्टीचा कणा आहे, आणि तो मराठीलाही परका नाही. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर आलेल्या घराण्यांचे वंशज चेन्नईत आहेत. त्यांच्या घरांत दक्षिणी वळणाची मराठी बोलली जाते, पण वाचणं-लिहिणं पुष्कळदा तमिळमध्ये. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांच्या थप्प्याच्या थप्प्या आहेत आणि दुसऱ्या सरफोजींच्या काळातला ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाकग्रंथही तिथलाच. ज्यांच्या पणजीच्या पणजीच्या चुलीवर त्यातले पदार्थ शिजले असतील त्यांना तो आज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. ‘वेण्बा’तलं फाटकं पान उमजायला कॅनडाला जायची गरज नाही, चेन्नईहून तंजावर एका रात्रीच्या गाडीवर आहे.

भारतातल्या डेमोंची भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते. बाजार हे त्याचं मोठं कारण, पण अक्षरांचंही एक कारण आहे. ही साधनं एका अक्षराला एक चिन्ह समजून बांधली गेली. वाक्य एकेका चिन्हाने उमटवायचं ठरलं की भारतीय लिप्यांची गंमत होते. तमिळमध्ये ‘को’ लिहिताना मात्रेचा एक तुकडा अक्षराच्या डावीकडे आणि एक उजवीकडे येतो. पडद्यावर आधी ‘क’ उमटतो आणि मग मात्रेला जागा देण्यासाठी दचकून बाजूला सरकतो. देवनागरीत ‘स्त्री’ येताना आधी ‘स’, मग हलन्त ‘स्’, मग ‘स्त’, मग पुन्हा लंगडा ‘स्त्’, असे सगळे टप्पे चढत शेवटी ती स्त्री होते. संथ गतीवर उभा असलेला हा प्रकार असं अडखळू लागला की भावुक वाक्यही विनोदी दिसतं. जुन्या रेनपायमध्ये तर जोडाक्षरं जुळतच नसत, वेलांटी भलत्या जागी पडे. अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षरजुळणीची सोय आली, तेव्हापासून ही सबब उरलेली नाही. तमिळचे लांबलचक शब्द इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या चौकटीत मावत नाहीत, ही अडचण चौकट मोठी करून सुटते. ती कुणी तरी करायला हवी इतकंच.

चेन्नईवर बेतलेल्या डेमोचा खरेपणा पार्श्वचित्रांत लगेच उघडा पडतो. मरीना किनारा पूर्वेला आहे. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि संध्याकाळी शहरामागे जातो. पाणी आधी काळवंडतं, किनाऱ्यावर बसलेल्यांच्या सावल्या समुद्राकडे लांबतात, आणि पौर्णिमेच्या दिवशी त्याच सुमारास चंद्र लाटांवर येतो. तयार चित्रांच्या पेढीतून उचललेला नारिंगी सूर्यास्त मरीनावर चिकटवला की चेन्नईचा माणूस खेळ बंद करतो. मुंबईच्या चित्रकाराकडून ही चूक सवयीनेच होईल, कारण त्याच्या डोक्यात समुद्र म्हणजे मावळती. उंच खांबांवरून वेलाचेरीकडे जाणाऱ्या लोकलची स्थानकं मात्र या प्रकारासाठीच बांधल्यासारखी आहेत. 1995 मध्ये त्या मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. गाडी येऊन गेली की प्रचंड कमानींच्या आत एखादाच प्रवासी आणि एक पंखा उरतो. पार्श्वभूमी म्हणून ते चित्र दहा वेळा वापरलं तरी चालेल, तिथे दहाही वेळा तसंच दिसतं.

कोलमचं तसं नाही. दारापुढची तांदळाच्या पिठाची ती नक्षी पहाटे घातली जाते, दिवसभरात पायांनी, मुंग्यांनी, स्कूटरच्या चाकांनी विस्कटते आणि दुसऱ्या पहाटे तिथे वेगळे ठिपके, वेगळ्या रेषा. मार्गळी या तमिळ महिन्यात तर शेजारणींची चढाओढ चालते आणि नक्षीच्या मध्यावर भोपळ्याचं फूल येतं. गोष्ट तीस दिवसांची आणि दाराचं चित्र एकच असेल तर तीसही सकाळी तोच कोलम दिसतो. चित्रकाराला तीस कोलम काढायला सांगणं चैनीचं वाटेल. पण घराबाहेर पडणारी नायिका रोज दाराशी एका वाक्यापुरती थांबणार असेल, तर त्या घरात आज काय झालं हे ती नक्षी न बोलता सांगू शकते: घाईत घातलेली, अर्धवट सोडलेली, एखाद्या दिवशी नसलेलीच. तिथे कोलम नसणं म्हणजे घरात अशुभ घडलं आहे हे तमिळ वाचकाला सांगावं लागत नाही. असा एक तपशील पहिल्या डेमोत सापडला तर पुढच्या प्रकरणांची वाट पाहायला हरकत नाही.

चेन्नईबाहेरही भारतात गोष्टीचे खेळ होतात. गोव्यात फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह या चमूने ‘रेनस्वेप्ट’ 2019 मध्ये आणि ‘फरगॉटन फील्ड्स’ 2021 मध्ये काढला. दुसऱ्यात बालपणीचं घर विकलं जाण्याआधी तिथे एकदा जमलेली मंडळी आहेत आणि किनाऱ्यावरचा निवांत उजेड आहे. ‘फिशबोल’ या खेळाच्या डेमोत आजीच्या मृत्यूनंतर परगावी एकटी राहणारी अलो आहे, आईने पाठवलेली आजीच्या सामानाची खोकी ती एकेक उघडते आणि त्यातून निघालेला खेळण्यातला मासा तिच्याशी बोलू लागतो. त्याचं नाव पापलेट. नाव ऐकताच कोकण किनाऱ्यावरच्या वाचकाला अख्खं घर दिसतं, हे श्रेय चित्रकाराच्या आधी नाव ठेवणाऱ्याचं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ वेगळ्या जातीचा, मारामारीचा खेळ. पण लोकवर्गणीसाठी त्यांनी डेमो दाखवला, पैसे जमले नाहीत, आणि तरी 2020 मध्ये खेळ पुरा होऊन आला. डेमो पडला म्हणजे गोष्ट पडली असं नव्हे. उलटही घडतं: डेमो इतका नेटका वठतो की त्याची तारीफ ऐकता ऐकता पुढचं लिहिणंच राहून जातं.

पूर्ण खेळ येतो तेव्हा डेमोत साठवलेली जागा पुष्कळदा त्यात उघडत नाही. पहिलं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. वाचलेला मजकूर झपाट्याने पुढे ढकलायची कळ असते, पण ती इथे उपयोगी पडत नाही, कारण या नव्या खेळाच्या लेखी काहीच वाचलेलं नसतं. मग सक्तीने संथ वाचताना फरक दिसू लागतात. सावलीच्या जागी दुकानदार आलेला असतो आणि तो कल्पनेपेक्षा तरुण असतो. ‘झोप आली’ला योग्य चेहरा मिळालेला असतो. एखादं लांबलेलं वाक्य दोन ठिकाणी तोडलेलं, एखादा विनोद गाळलेला. तो बरा होता असं कुणाला वाटतं, पण ताडून पाहायला जुना मजकूर कुठे मिळत नाही. दुकानातून डेमो बहुधा काढून टाकलेला असतो. पुस्तकरूपातल्या ‘पोन्नियिन सेल्वन’च्या निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळ्या हातांची चित्रं आहेत, मणियम यांची मूळ चित्रं, त्या त्या आठवड्याच्या हप्त्यासह, ज्या घरांनी पानं बांधून ठेवली त्यांच्या कपाटांत अजून आहेत. डेमोचं असं बाड कुणी बांधत नाही. फार तर एखाद्या जुन्या लॅपटॉपच्या ‘डाउनलोड’मध्ये तो पडून असतो, आवृत्ती क्रमांक 0.3, आणि चालला तर तिथला दुकानदार अजून काळी सावलीच असतो.